प्रयोग किती वाजता?

माणूस एखादी वस्तू शोधायला निघाला की ती सोडून बाकी सगळं सापडतं. जुळे सोलापुरातल्या आमच्या बालवाडीसाठी मी विज्ञानाचे खेळ आणि पुस्तकं गोळा करायला निघाले आणि किस्सेच जास्त गोळा झाले. विज्ञानातलं मला ओ की ठो कळत नाही. मी बी.ए. मराठी! पण मागची छोटी खोली मला मुलांच्या विज्ञानासाठी हवी होती. संस्थेच्या सचिव मॅडम म्हणाल्या, महिनाभरात काहीतरी करून दाखवा, नाहीतर खोली डान्स क्लासला जाईल.

*

सुरुवात पुस्तकांच्या दुकानापासून. लहान मुलांसाठी प्रयोगाचं काही आहे का, असं मी विचारलं. दुकानदारांनी तीन बालनाटिका काढून दिल्या. तसले प्रयोग नव्हेत, विज्ञानाचे, असं सांगितल्यावर त्यांनी मुलांचं वय विचारलं. तीन ते पाच म्हटल्यावर त्यांनी नाटिका पुन्हा माझ्याकडे सरकवल्या.

"मॅडम, नाटिकाच न्या की."

*

यातून मी काहीही शिकले नाही. पालकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला, 'उद्या प्रयोग आहे. प्रत्येकाने रिकामी बाटली आणावी.'

दुसऱ्या दिवशी सान्वी नऊवारी, पावडर, लिपस्टिक अशा थाटात आली. बाटली विसरली होती. सोबत तिचे आजोबा, दुधनीहून खास पहिल्या एसटीनं आलेले. प्रयोग किती वाजता, असं विचारून त्यांनी पुढची खुर्ची धरली. खरं सांगायचा मला धीरच झाला नाही. मुलांनी बाटल्या भरल्या, ओतल्या, पुन्हा भरल्या. आजोबांनी शेवटपर्यंत बघितलं, टाळ्याही वाजवल्या. निघताना हळूच म्हणाले, "लई चांगलं झालं बाई. पण गोष्ट काय कळली न्हाय."

*

आमच्या मदतनीस शाहीन मावशींनी घरच्या बिघडलेल्या स्पीकरमधलं लोहचुंबक आणून दिलं. ते खिळ्याला चिकटलं, दाराच्या कडीला चिकटलं, पण विहानच्या स्टीलच्या डब्याला काही केल्या चिकटेना. डबा खोटा आहे म्हणून विहाननं जेवणच सोडलं!

दुसऱ्या दिवशी त्याची आई डबा घेऊन हजर. माहेरचा डबा, खोटा कसा असेल? मी म्हटलं, मलाही माहीत नाही. शेवटी शाहीन मावशींनी तिची समजूत काढली, "डब्बा अस्सल है बाई. चुंबकच पुराना है."

*

एका पुस्तकात पाण्यावर तरंगणाऱ्या लिंबाचं चित्र होतं. मोठं, पिवळंधमक, परदेशी लिंबू. मी मंडईतून आपली कागदी लिंबं आणली. तीन बुडाली, दोन तरंगली आणि एक बुडू की नको करत राहिलं. असं का झालं, म्हणून मुलं मला विचारायला लागली. मी पुस्तक उलटंसुलटं करून बघितलं. मग सांगितलं, "मला नाही माहीत. पुन्हा करून बघू."

त्या महिन्यात हे वाक्य मी इतक्या वेळा बोलले की मला माझीच लाज वाटायला लागली.

*

आणि सचिव मॅडम आल्या. मी दोन पानांचं भाषण पाठ केलं होतं, ते ऐनवेळी साफ विसरले. मॅडमनी बादली बघितली, लिंबांची टोपली बघितली आणि माझ्याऐवजी थेट सान्वीलाच विचारलं, प्रयोग म्हणजे काय गं?

"बाईंना म्हाईत नसलं की बाई प्रयोग करतात," सान्वी म्हणाली.

गेली खोली, मी मनात म्हटलं. मॅडमनी एक लिंबू उचललं, बादलीवर धरलं आणि तोंडी परीक्षा घ्यावी तसं विचारलं, सांग बघू, हे बुडेल की तरंगेल?

सान्वीनं आधी लिंबाकडे बघितलं, मग मॅडमकडे नीट निरखून बघितलं.

"तुमाला बी म्हाईत न्हाय?"

मॅडमनी हातातलं घड्याळ काढून माझ्याकडे दिलं आणि बादलीपाशी खाली बसल्या.