शेवट अकोल्यालाच राहिला

पुंडलिक गेल्याची बातमी मला आमच्या अमरावतीच्या टॉकीजच्या मॅनेजरने दिली. मी नेहमीप्रमाणे नव्या खेळाचं हँडबिल घ्यायला गेलो होतो. तो खुर्चीवरून उठला, डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "मास्तर, अकोल्याचे तुमचे दोस्त गेले. मुदतीचा ताप होता म्हणते. रिळांच्या पेट्या घेऊन आलेल्या माणसानं आत्ताच सांगतलं." त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहू का? दुःख मागाहून झालं, आणि ते अजून आहे. पण पहिला विचार आला तो असा, की ही बातमी तरी आक्काला माझ्या तोंडून कळेल. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तसाच टांगा केला आणि घर गाठलं. आक्का विझलेल्या चुलीपुढे बसली होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मले मालूम हाय. सकाळीच त्याच्या घरून माणूस येऊन गेला." घ्या! मेल्यावरसुद्धा हा गृहस्थ माझ्या आधी माझ्या घरी पोहोचला होता.

गेलेल्या माणसाविषयी गोड लिहावं अशी रीत आहे. आमच्या साप्ताहिकाच्या संपादकांनीही आडून आडून तेच सुचवलं. पण आता महिना होत आला, डोळे कोरडे झाले आहेत, तेव्हा मी खरं तेच लिहिणार. पुंडलिकाचा मला हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, अंगाचा तिळपापड व्हायचा. आणि एक गोष्ट ध्यानात असू द्या, तो आधी माझा मित्र होता. बाळापूरकडच्या खेड्यातून हायस्कुलात शिकायला अमरावतीला आला, तेव्हा त्याला हाताला धरून घरी जेवायला नेला तो मीच. आई आमची लवकर गेलेली. त्या दिवाळीला आक्का माहेरपणाला आली होती आणि गावाबाहेर सिनेमाचा तंबू पडला होता, मुका सिनेमा. आम्ही तिघं गेलो. निम्म्यावर कथा आली आणि रिळाने पेट घेतला! पळापळ झाली, तंबू रिकामा झाला, पण आक्काचा जीव त्या पडद्यावरच्या बाईत अडकलेला. "पुढे तिचं काय झालं असंल रे?" हे तिने मला विचारलं. मी म्हणालो, "मला काय माहीत? मी काय वेगळा पाहिला?" दुसऱ्या दिवशी जेवताना पुंडलिक सहज बोलून गेला, "मी पायला हाय ना आक्का, मांगं अकोल्याले." आणि त्याने उरलेला सिनेमा सांगितला, पानावरचा भात गार होईस्तोवर. अकोला त्याने तोवर फक्त आगगाडीच्या खिडकीतून पाहिलं होतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. पुढच्या वर्षी आक्का कायमची परत आली, पांढरं कपाळ घेऊन. आमच्या घराण्यात अशा बाईने नाटकं-तमाशे पाहायचे नसतात, आणि सिनेमाही वडिलांनी त्यातच जमा केला.

पुढे मी मास्तर झालो आणि पुंडलिक अकोल्याला कापसाच्या एका अडत्याकडे लागला. कामासाठी आठवड्याला त्याची अमरावतीला खेप असायची. तेव्हा बोलपट सुरू झाले होते आणि मुंबईचा खेळ आधी अकोल्याला लागे, तिथून आठ-पंधरा दिवसांनी आमच्याकडे येई. म्हणजे आम्ही नेहमीच शिळं खाणारे. पुंडलिक बडनेऱ्याला गाडी बदलून यायचा, अंगणात चपला काढायचा आणि पाणीसुद्धा प्यायच्या आधी ओरडायचा, "आक्का, बेकार हिरो! त्याले धोतर नेसता येत नाई, तो काय जमीनदार हाय?" झालं. आक्का तुरीच्या शेंगांनी भरलेलं सूप सोलायला घेऊन ओसरीवर यायची, शेजारच्या यमुनाकाकू यायच्या, त्यांच्यामागे आळीतल्या आणखी चार बाया. हा खांबाला टेकून बसायचा. त्याची जागा ठरलेली होती, तिथे खांबाचा रंग त्याच्या पाठीने गेला आहे. अमकं गाणं ब्येस, पण हिरोईन मरता मरता इतकी कडवी गाते की डॉक्टरच कटायून उठून गेला असंल... तमका बाप चांगला रडते, पण मिशी एका बाजूनं सुटली व्हती, माह्यं ध्यान तिथंच... अशी त्याची मतं. ना शेंडा ना बुडखा. मग हळूच कथेत शिरायचा. आणि तो जरा थांबला की सगळ्या बायांच्या आधी आक्का विचारायची, "मंग?"

हा "मंग" मला नीट समजावून सांगितला पाहिजे. वऱ्हाडात कोणी गोष्ट सांगायला बसलं की ऐकणाऱ्याने हुंकार द्यावा लागतो. हुंकार थांबला तर सांगणाऱ्याने समजावं की आपली गोष्ट मेली. आता मी. मी इथल्या साप्ताहिकात बोलपटांवर अभिप्राय लिहीत असे, माझं नाव छापून येत असे. "छायालेखन नेत्रसुखद असले तरी कथानकाची वीण सैल आहे" असली वाक्यं मी लिहिलेली आहेत आणि नागपूरच्या एका वकिलांनी त्यांची तारीफही केलेली आहे. मी आक्कालाही सिनेमा सांगायला बसायचो, अगदी क्रमवार, काही न गाळता. ती ऐकायची. शेंगा सोलायची. एकदाही "मंग?" म्हणाली नाही. एकदा तर मध्येच उठली, "पुंडलिक येईन ना शनवारी, मंग पाहू," असं म्हणून दिव्यात तेल घालायला गेली. माझं साप्ताहिक ती पापड वाळवताना खाली अंथरायची. पापडांवर कधी कधी माझी अक्षरं उमटत... तेवढंच काय ते माझं लिखाण आमच्या घराच्या पोटात गेलं!

त्याच सुमारास टॉकीजवर भांडणं सुरू झाली. खेळ सुटला की बायकांच्या दारातून गलका यायचा, आणि सगळ्यांच्या पुढे यमुनाकाकू. "कापला! शेवट कापला!" एका बोलपटात एक विधवा होती, शेवटी ती नदीचा रस्ता धरते. काकू मॅनेजरला म्हणाल्या, "नदीत कायची जाते? ती कापसाच्या जिनाच्या फाटकासमोर खानावळ काढते. तो सारा भाग कुठी गेला? आमी काय फुकट बसलो व्हतो?" हळूहळू साऱ्या बाजारात एकच बोलवा झाली, की अकोलेवाले चांगलं चांगलं कापून ठेवून घेतात आणि अमरावतीला उरलंसुरलं धाडतात. अकोल्याविषयी असलं काही खरं मानायला आमच्या गावाला पुरावा लागत नाही. मॅनेजर रडकुंडीला येऊन माझ्याकडे आला, "मास्तर, तुमी छापा की खेळ पुरा हाय." मी छापलं. लोक म्हणाले, "तुमी अकोल्याले पायलाच नाई, तं तुमाले काय मालूम?"

मालूम होतं मला! ती खानावळ आमच्याच ओसरीवर निघाली होती. पण पुरावा हवा, म्हणून एका रविवारी गाडीत बसलो आणि अकोला गाठलं. पुंडलिकाला वाटलं मी त्याला भेटायला आलो. तो इतका खूश झाला की मला आणखीच राग आला. दोघं जाऊन नवा खेळ बघितला. त्यातही एक विधवा, ती विहिरीत गेली. दिवे लागले आणि मी "आता बोल" म्हणायला वळलो, तर हा उपरण्याने डोळे पुसतोय. बाहेर चहाच्या दुकानात बसलो. त्याने बशीत चहा ओतला, तो तसाच ठेवला आणि म्हणाला, "विहीर, नदी, नाईतं काशी. या सिनेमावाल्याले चौथी जागाच मालूम नाई का बे? आता शनवारी मी आक्काले काय सांगू?" मी म्हणालो, "जे पाहिलं ते सांग." त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्या अडाण्याकडे पाहावं. "आक्का समोर शेंगा सोलून राह्यली असते, अन् मी तिच्यासमोर त्या बाईले विहिरीत ढकलू? तुह्याच्यानं होते का? माह्याच्यानं नाई होत."

माझ्याच्याने होत होतं. आजवर क्रमवार, काही न गाळता, मी तेच करत आलो होतो. पण परतीच्या गाडीत मला जळवत होतं ते वेगळंच. बहीण माझी, तिच्या कपाळाकडे रोज बघणारा मी, आणि हे सुचावं त्याला! मला का सुचू नये? बडनेऱ्याला फलाटावर उभा राहून मी स्वतःशीच "कापूसदलाल लेकाचा" असं मोठ्याने म्हणालो, आणि शेजारचा हमाल दचकून बघायला लागला.

घरी आलो आणि चपला काढता काढताच आक्काला सांगितलं, "तो नवीन खेळ पाहून आलो. ती बाई विहिरीत जाते. आणि नदीवालीही नदीतच गेली होती. खानावळ-बिनावळ काही नाही. तो मनानं सांगतो." खरं सांगितलं, त्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. आक्का भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही. "मले मालूम हाय."

"मालूम आहे? मग कशाला ऐकतेस त्याचं?"

"खरं सांगाले गावभर लोक हायेत रे," ती म्हणाली. "तूही हायेसच. पण याच्या सांगण्यात तिची खानावळ चालते." आणि तव्यावरची भाकर उलटली. पुढल्या शनिवारी पुंडलिक आला, खांबाला टेकला आणि त्याने त्या बाईला विहिरीच्या काठावरून परत आणली. विहिरीजवळ एक वेंधळा पोस्टमन भेटवला, तिला मुलींच्या शाळेत नोकरीला लावली. आणि आक्का, सारं माहीत असून, डोळे विस्फारून विचारत होती, "मंग?" मी आतल्या खोलीत वह्या तपासत बसलो होतो. एका मुलाचं बरोबर गणित मी त्या दिवशी चूक दिलं.

असं वर्षानुवर्षं चाललं. वडील गेले, आक्काचे केस पिकले, मुका सिनेमा कुठल्या कुठे गेला. आता या मागच्या आठवड्यातली गोष्ट. मी नव्या खेळाचं हँडबिल वाचत बसलो होतो आणि मनात म्हणत होतो, आता तरी ती मला विचारेल. दुसरं कोण उरलंय? आक्का समोर येऊन उभी राहिली. माझा ऊर भरून आला, खरंच सांगतो. ती म्हणाली, "मले घेऊन चाल." मी म्हटलं, "कुठं?" तर म्हणे, "टाकीजात. आता मले कोन सांगन?" अहो, मी बसलो होतो ना तिथे! जिवंत, शिकलेला, छापून येणारा... पण ती चादर पांघरून तयार होती.

दुपारच्या खेळाला गेलो. बायकांच्या बाजूला आक्का एकटी कशी बसेल म्हणून मी घुटमळत होतो, तर मॅनेजरने आपणहून मागचा बॉक्स उघडून दिला, आम्हां दोघांना. मी हळूच तिला समजावून सांगायला लागलो, की हा नायक, हा त्याचा मामा. "गप बस," ती म्हणाली, "पाहू दे." पुरा सिनेमा तिने हात मांडीवर ठेवून पाहिला, हलली नाही. एकदाच पुटपुटली, "याले बी धोतर नेसता येत नाई," आणि हसली. त्यातही एक विधवा होतीच. शेवटी तिला भावाने काशीच्या गाडीत बसवलं, गाडी धूर सोडत लांब लांब गेली आणि दिवे लागले. लोक उठले, बाकं वाजली, थेटर रिकामं झालं. आक्का उठेना. शेवटी मॅनेजर आला. "बाई, संपला."

आक्काने पडद्याकडे बघत विचारलं, "कापला वाटते शेवट?"

मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. या एका शब्दापायी त्या माणसाने निम्म्या गावाशी भांडणं केली होती. पण त्याने टोपी काढली आणि म्हणाला, "हाव बाई. शेवट अकोल्यालेच राह्यला."

परतताना टांग्यात ती चादर सावरून बसली. मग घोड्याच्या चालीवर, कुणी विचारलं नसताना, बोलायला लागली. "बाप्पा, ती काय काशीले जाते! गाडी बडनेऱ्याले थांबली ना, तं ती उतरली. गठुडं घेऊन उतरली. फलाटावर एक जन उभा व्हता, म्हने, बाई, पानी पेतं का..." आवाज आक्काचा होता, थांबायच्या जागा पुंडलिकाच्या होत्या. माझ्या शेजारी बसून ती त्याचा सिनेमा सांगत होती. जळून माझा कोळसा झाला. शिवाय मुंबईहून काशीला जाणारी गाडी भुसावळवरून वर वळते, ती बडनेऱ्याला येतच नाही, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. आक्का सांगता सांगता थांबली. माझ्याकडे बघायला लागली.

मी म्हणालो, "मंग?"