मिरजेच्या लॉजवरची दारं

मंडळी, मिरजेत दवाखान्यासमोरच्या एका स्वस्तातल्या लॉजवर राहतेय. नवरा आयसीयूत आहे. इथं प्रत्येक खोलीत कुणा ना कुणा पेशंटचं माणूस आहे.

शेजारच्या खोलीत उंब्रजच्या मावशी. त्यांचे मालकही आयसीयूतच. आम्ही बायका पॅसेजमध्ये बसून एकमेकींच्या डब्यातलं खायचो. माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता, तेव्हा याच मावशींनी मला भरवलं.

आज दुपारी त्यांचे मालक गेले. मावशी पिशवी न्यायला जिना चढून वर आल्या. त्यांना बघितलं आणि एकेका खोलीची कडी आतून लागली. माझीसुद्धा. मी दाराआड श्वास रोखून उभी. त्यांची पावलं माझ्या दाराशी थांबलीसुद्धा नाहीत.

शिव्या द्यायच्या तर खुशाल द्या. पण परवा वरच्या मजल्यावरच्या बाईचा मुलगा गेला. ती रडत जिना उतरत होती. मी उठून तिच्याकडे निघाले, तर याच मावशींनी मला दंडाला धरून आत ओढलं.

म्हणाल्या, "दार लाव पोरी. तिचं तोंड बगू नगं. आपली माणसं अजून हायत."