ड्रोनच्या कपाळावरचं कुंकू

लांज्याची नंदा कांबळे बी.कॉम. झाली, टायपिंग शिकली, काजूच्या कारखान्यात संगणकावर बिलं करत राहिली आणि शेवटी ड्रोन उडवायला शिकली. परवाना हातात आला तेव्हा वडील म्हणाले, "छान. आता एखादी नोकरी बघ."

नोकरी तिने धरलीच होती. रत्नागिरीची एक कंपनी आंब्याच्या बागांवर ड्रोनने फवारणी करून देत असे. एक बाग एकटीने करून दाखवली की नंदाला कायम करणार होते. नाही जमलं, तर पुन्हा बिलं.

तिच्या वाट्याला राजाभाऊंची भाट्याची बाग आली. कलमं जुनी आणि उंच. मोहोरावरच्या तुडतुड्यांपर्यंत पंपाचा फवारा पोचत नव्हता. ड्रोनला मात्र वारा चालत नाही, आणि उन्हं वर आली की भाट्याला समुद्रावरून वारा सुटतोच. म्हणून नंदा उजाडता उजाडता बागेत हजर झाली. टाकीत औषध भरलं, बॅटरी बसवली.

"थांब गो," राजाभाऊ म्हणाले. "गाऱ्हाणं घातल्याशिवाय नवीन काही चालू करत नाही आम्ही."

गाऱ्हाणं लांबलं. बागेचा राखणदार, गावचे देव, मुंबईचे भाऊबंद, कोणी सुटलं नाही. प्रत्येक मागणीला गडी धाकू "होय महाराजा" म्हणत होता. मग राजाभाऊंच्या पत्नी उमाकाकू करंडा घेऊन पुढे आल्या आणि ड्रोनच्या पुढच्या काळ्या काचेवर त्यांनी ठसठशीत कुंकू लावलं. तिथे कुंकू चालणार नाही, हे नंदाला कळत होतं. पण वडीलधाऱ्या बाईचा हात कसा धरायचा, हे प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं.

तिने रिमोट दाबला. पंखे हलले नाहीत. पडद्यावर सूचना आली, समोर अडथळा आहे.

"काय म्हणतंय?" राजाभाऊंनी विचारलं.

"त्या काचेतून त्याला समोरचं दिसतं, काका. आता भिंत दिसतेय. कुंकू पुसायला लागेल."

"पुसायचं?" उमाकाकूंचा चेहरा उतरला. "अगो, सकाळच्या पारी काय बोलतेस! ऐन मोहोरात!"

"डोळे मिटून उडव," राजाभाऊंनी तोडगा काढला. "मी नाही अंधारात गोठ्यात जात?"

"जाता आणि खांबावर आपटता," काकू म्हणाल्या.

तशी सोय ड्रोनमध्ये होती, पण ती वापरायला कंपनीची सक्त मनाई होती. माडांच्या झावळ्या हलायला लागल्या होत्या. नंदाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा काकूंकडे.

"काकू, आधी टाकीवर लावा. ते राहील. मग काचेवरचं मी काढते. म्हणजे क्षणभरसुद्धा कुंकवावाचून राहणार नाही."

काकूंनी विचार केला. "टाकी धुशील नाहीतर."

"आतून धुतात, काकू."

बाहेरूनही धुतात, पण ते ती बोलली नाही.

टाकीवर कुंकू लागलं, काचेवरचं निघालं आणि ड्रोन उठला. धाकूने टोपी हाताने दाबून धरली. शेवटची रांग उरली असताना वारा चढला, तेव्हा नंदाने मुकाट्याने ड्रोन खाली घेतला. एवढ्यासाठी नोकरी जाते की काय, असं मनात घोळवत तिने साहेबांना फोन लावला. साहेब म्हणजे केळशीचा यज्ञेश.

"एक रांग राहिली, सर. सुरुवातीला उशीर झाला. गाऱ्हाणं होतं."

"कुंकू कुठे लावलं?"

"आधी काचेवर. मग टाकीवर घेतलं."

"पुसू दिलं?" यज्ञेशला खरं वाटेना. "मला गेल्या वर्षी पुसतो म्हटल्यावर तीन बागांतून परत पाठवलंय. उद्या ती रांग कर आणि ऑफिसात ये. कायमचं पत्र घेऊन जा."