गच्चीवरची सायकल आणि गिरी अण्णांचा ड्रोन

राजाजीनगरात भाष्यम सर्कलच्या मागच्या गल्लीत गिरीराज शितोळे यांचा फोटो स्टुडिओ आहे, वडिलांनी काढलेला. शितोळे मंडळी बंगळुरात इतक्या पिढ्यांपासून आहेत की आपलं मूळ गाव कोणतं, यावर घरातच दोन मतं आहेत. घरी मराठी बोलतात, पण तिच्यात ‘स्वल्प’ (थोडं) आणि ‘सरी’ (बरं) असे कानडी शब्द इतके मिसळलेले असतात की पुण्याहून आलेल्या माणसाला पहिली पाच मिनिटं नुसतं ऐकून घ्यावं लागतं. गल्लीत त्यांना सगळे गिरी अण्णाच म्हणतात.

प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आल्यावर स्टुडिओकडे पासपोर्टचे फोटो आणि लग्नं एवढंच काम उरलं. लग्नातही लोकांना वरून घेतलेलं चित्रण हवं असायचं आणि त्यासाठी अण्णांना बाहेरून माणूस आणावा लागायचा. अशाच एका लग्नात त्या माणसाचा ड्रोन नवरदेवाच्या मामांचा फेटा उडवून गेला. मामांना काही लागलं नाही, पण अण्णांनी त्याला बाजूला घेऊन विचारलं, “तुझ्याकडे लायसन्स आहे ना?”

“पतंग उडवायला लायसन्स लागतं का, अंकल?” तो हसत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी ड्रोन चालवायला शिकवणाऱ्या संस्थेत नाव घातलं. तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. वर्गात बाकी सगळे पंचविशीच्या आतले. वारा, वजन, बॅटरी, कुठे मोकळीक, कुठे मनाई ते दाखवणारा शहराचा हिरवा-पिवळा-लाल नकाशा आणि कुठे किती उंच जायचं, हे सगळं अण्णांनी वहीत लिहून पाठ केलं. परीक्षेत पास झाले आणि ते प्रमाणपत्र त्यांनी फ्रेम करून स्टुडिओत लावलं. मग स्वतःचा ड्रोन घेतला. गाडीला असतो तसा ड्रोनलाही सरकारी नोंदणीचा नंबर असतो, त्यावरून तो कुणाचा हे कळतं. अण्णांनी त्या नंबराची पट्टी छापून ड्रोनवर चिकटवली आणि नंबर तोंडपाठ केला.

“माझा वाढदिवस दरवर्षी मला सांगावा लागतो,” त्यांची बायको कौशल्या म्हणाली, “आणि हा लांबलचक नंबर बरा लक्षात राहतो!”

अण्णांना या नियमांचं ओझं कधी वाटलं नाही. उलट त्यांना त्यात एक रुबाब वाटायचा. ड्रोन उडवायच्या आदल्या दिवशी ते नकाशा बघत, जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन नंबर आणि वेळ लिहून देत. ठाण्यातले शिपाई म्हणत, “अण्णा, एवढं कुणी करत नाही.” अण्णा म्हणत, “म्हणून तर मी करतो.”

गेल्या वर्षी यशोवर्धन नावाच्या बिल्डरनं त्यांना जाहिरातीचं काम दिलं. जवळच त्याची बारा मजली इमारत उभी राहत होती. इमारत तर दाखवायचीच, शिवाय आजूबाजूची झाडं, घरं, सकाळची वर्दळ असं सगळं हवं होतं. “इथे राहावंसं वाटलं पाहिजे, अण्णा,” तो म्हणाला होता.

सकाळी सातला ड्रोन वर गेला. हवा स्वच्छ होती, ऊन कोवळं होतं. अण्णा हातातल्या पडद्यावर बघत होते आणि एका चार मजली घराच्या गच्चीवर त्यांना एक बाई सायकल चालवताना दिसल्या. साडी खोचलेली, केस पांढरे. पाण्याच्या टाकीला त्या गोल फेऱ्या मारत होत्या. एका वळणावर सायकल डगमगली, त्या कुंडीवर जाऊन आदळल्या, मग कंबरेवर हात ठेवून एकट्याच हसल्या आणि पुन्हा बसल्या.

कॅमेरा तिथून पुढे वळवायचा होता. अण्णांनी तो सहा-सात सेकंद तिथेच ठेवला. पन्नास वर्षांच्या आयुष्यात इतकं छान चित्र त्यांना आयतं कधी मिळालं नव्हतं.

यशोवर्धनला तोच तुकडा सर्वांत आवडला. जाहिरात मोबाइलवर फिरली, विक्रीच्या ऑफिसातल्या मोठ्या पडद्यावर दिवसभर चालू राहिली.

पाच आठवड्यांनी पोलीस ठाण्यातून फोन आला. सबइन्स्पेक्टर हर्षिता मॅडम बोलत होत्या. “अण्णा, सगळे कागद घेऊन या. तक्रार आहे.”

अण्णा फाइल घेऊन गेले. मॅडमसमोर एक तरुण मुलगी बसली होती, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, चेहरा रागावलेला. शेजारी पांढऱ्या केसांच्या बाई. अण्णांनी त्यांना लगेच ओळखलं.

मुलीचं नाव मुग्धा. दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी पुण्याहून इथे आलेली. बाई तिच्या आई, संध्याताई. पोस्टातून निवृत्त झाल्यावर साताऱ्याहून लेकीकडे राहायला आल्या होत्या. बिल्डरच्या ऑफिसनं “फोटोग्राफरला विचारा” असं म्हणून हात झटकले होते, म्हणून मुग्धा ठाण्यात आली होती.

अण्णांनी एकेक कागद टेबलावर मांडला. चालवण्याचं प्रमाणपत्र. नंबराची नोंदणी. त्या दिवशीचा नकाशा, जागा हिरव्या भागातली. ठाण्यात दिलेलं पत्र. मॅडमनी सगळं बघितलं आणि कानडीत म्हणाल्या, “कागद चोख आहेत. तुम्ही कळवून उडवता म्हणून तुमचं नाव आमच्या वहीत सापडलं. बाकीचे तर आम्हाला सापडतच नाहीत.”

अण्णांना हायसं वाटलं, थोडा अभिमानही वाटला. ते मुग्धाकडे वळून मराठीत म्हणाले, “बघा, माझ्याकडून काही चूक झालेली नाही. सगळं नियमाप्रमाणं आहे.”

मराठी ऐकून दोघी चमकल्या. मुग्धा काही बोलणार तेवढ्यात संध्याताईंनी तिच्या हातावर हात ठेवला.

“तुमच्या ड्रोनला नंबर आहे,” त्या शांतपणे म्हणाल्या. “तो कुणाचा हे सरकारला माहीत आहे. चांगलं आहे. पण तुम्ही वर होतात तेव्हा खाली मी कोण आहे, मला चालेल का, हे कुणी विचारलं?”

अण्णांनी मांडलेले कागद पुन्हा फाइलीत ठेवले.

“लहानपणी भावाला सायकल मिळाली, मला नाही. बासष्टाव्या वर्षी म्हटलं, शिकून घेऊ. घरमालक कृष्णमूर्तींनी गच्चीची किल्ली दिली. तिथे कुणाला दिसत नाही म्हणून तर मी तिथे शिकत होते. आता साताऱ्याहून भावाचा फोन आला, ‘तायडे, कुंडी फोडलीस की काय?’ सगळ्या नातेवाइकांनी बघितलंय. तेव्हापासून मी वर गेलेले नाही.”

“आईचा चेहरा स्पष्ट दिसतोय,” मुग्धा म्हणाली. “तुम्हाला वर असताना ते दिसलं नसेलही...”

इथे अण्णांना हो म्हणता आलं असतं. चुकून आलं, दिसलंच नाही, असं म्हणून ते सुटले असते. पण ते म्हणाले, “दिसलं होतं. कॅमेरा पुढे न्यायचा होता, मी थांबवला. चित्र फार छान होतं म्हणून थांबवला. चूक झाली, अक्का.”

संध्याताईंची बहुधा भांडणाची तयारी होती, याची नव्हती. “जाहिरातीतून काढून टाका,” त्या म्हणाल्या, “मला बाकी काही नको.”

घरी आल्यावर अण्णांनी कौशल्याला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. “मामंजी असते तर काय म्हणाले असते?” तिनं विचारलं. अण्णांना ठाऊक होतं. स्टुडिओच्या दर्शनी काचेत कुणाचाही फोटो लावायचा असेल तर वडील आधी त्या माणसाच्या घरी जायचे, चहा प्यायचे, विचारायचे. एका घरानं नाही म्हटलं तर तो फोटो कितीही सुरेख असो, पाकिटातच राहायचा. असा कायदा कुठेही नव्हता.

“तो फोटो माणसासमोर उभं राहून काढलेला असायचा,” अण्णा म्हणाले. “ड्रोन वर गेला की समोर माणूसच नसतो. विसर पडतो.”

दुसऱ्या दिवशी ते यशोवर्धनकडे गेले. त्यानं आधी हसण्यावारी नेलं. “अहो अण्णा, लोकांना ती आजी किती आवडलीय! एवढी वाईट काय दिसतेय ती?”

“वाईट दिसत नाही. तिला विचारलेलं नाही.”

“पोलिसांनी दंड लावला का?”

“नाही.”

“मग?”

“मग मी सांगतोय,” अण्णा म्हणाले. “तेवढा भाग काढा. त्या जागी मी नवीन चित्रण करून देतो, त्याच कामाचा भाग म्हणून.”

यशोवर्धन कुरकुरला, पण दोन दिवसांत तो तुकडा निघाला. त्याच्या पुढच्या इमारतीचं काम मात्र दुसऱ्या कुणाला तरी गेलं. अण्णांनी ते कळल्यावर नुसती मान हलवली.

नव्या चित्रणासाठी त्यांनी एक कागद तयार केला. एका बाजूला कानडी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. त्यावर स्वतःचा फोटो, ड्रोनचा नंबर, फोन आणि वेळ: रविवारी सकाळी सात ते सात चाळीस. खाली एक ओळ, ‘आपलं घर, गच्ची दिसायला नको असेल तर कृपया सांगा.’ तो घेऊन ते आजूबाजूच्या प्रत्येक घरी गेले. एका घरात सांडगे वाळत घातलेले असतात म्हणून पंखांचा वारा लागणार नाही ना, अशी चौकशी झाली. ड्रोन तितका खाली येत नाही, हे अण्णांना दोनदा सांगावं लागलं. उल्हास नावाच्या एका निवृत्त मास्तरांनी “मी गच्चीत उभा राहू का, येईन का मी त्यात?” असं विचारलं. तीन घरांनी नको म्हटलं. अण्णांनी त्यांच्यावर नकाशात फुली मारली.

कृष्णमूर्तींच्या घरी ते सर्वांत शेवटी गेले. दार संध्याताईंनीच उघडलं. कागदाची इंग्रजी बाजू त्यांनी पूर्ण वाचली, पोस्टात तीस वर्षं काढलेला माणूस वाचतो तशी, नंबर आणि वेळेसकट.

“वरून नक्की काय काय दिसतं हो?” त्यांनी विचारलं.

“दाखवू? आज कळवून आलोय ठाण्यात, चाचणीसाठी. तुमच्या परवानगीनं, फक्त तुमचीच गच्ची.”

त्या वर आल्या, भावाचा फोन आल्यापासून पहिल्यांदा. अण्णांनी ड्रोन उभा केला, नंबराची पट्टी त्यांना दाखवली आणि पडदा त्यांच्या हातात दिला. ड्रोन वर गेला तशा त्या पडद्यात वाकून बघू लागल्या. पाण्याची टाकी, वाळत घातलेली चादर, कोपऱ्यातली तुळस. टाकीभोवती सायकलच्या टायरचे काळपट गोल, एकात एक, बरेचसे वेडेवाकडे.

“अगंबाई,” त्या म्हणाल्या, “मला वाटायचं मी सरळ चालवते.”

“अजून थोडं वर नेऊ?”

“न्या की.” मग थांबून म्हणाल्या, “शेजारच्या घरावर नका नेऊ हं. त्यांना विचारलेलं नाही.”

अण्णा हसले. “नाही नेणार.”

खाली उतरल्यावर संध्याताईंनी चहा केला. अण्णांनी खिशातून एक पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. “तुमचं मूळ चित्रण. माझ्याकडचं सगळं पुसलंय, एवढीच प्रत आहे. तुमची आहे, ठेवा नाहीतर पुसून टाका.”

त्या संध्याकाळी मुग्धानं ते लॅपटॉपवर लावलं. कुंडीवर आदळण्याच्या जागी आधी मुग्धा हसली, मग संध्याताईही. “भावाला पाठवू का?” मुग्धानं विचारलं. “त्याच्याकडे आहेच,” त्या म्हणाल्या, “आता नीट चालवतानाचं पाठवू.” आणि मग त्यांनी मुग्धाला विचारलं की रविवारी सकाळी मागच्या शांत रस्त्यावर सायकल चालवताना ती त्यांच्याबरोबर येईल का.

रविवारी चित्रण झालं. उल्हास मास्तर इस्त्रीचा सदरा घालून गच्चीत उभे होते, अगदी ताठ, आणि जाहिरातीत ते तीन सेकंद दिसतात.

अण्णांचं काम त्यानंतर हळूहळू बदललं. त्या कागदावरचा फोन नंबर लोकांनी जपून ठेवला होता. कोरमंगलातल्या एका सोसायटीला छताची गळती वरून तपासून हवी होती. त्यांना असाच माणूस हवा होता जो आधी सांगून येतो. मग तिच्या शेजारच्या सोसायटीनं बोलावलं. जिथे शिकले त्याच संस्थेनं अण्णांना महिन्यातून एकदा वर्गात बोलायला बोलावलं आणि नियमांचा तास झाल्यावर ते अर्धा तास फक्त खालच्या माणसांबद्दल बोलतात. मुलं सुरुवातीला मोबाइलमध्ये असतात, पण सायकलची हकीकत आली की माना वर करतात. ती हकीकत सांगण्याआधी त्यांनी संध्याताईंना विचारून घेतलं होतं. “सांगा की,” त्या म्हणाल्या होत्या, “नाव तेवढं नको.” त्यामुळे वर्गात त्या नुसत्या ‘एक अक्का’ असतात.

परवा के. आर. पुरमला एका शाळेच्या इमारतीचं काम होतं. शेजारच्या घरातून देवाप्पा नावाच्या म्हाताऱ्यांनी कागद परत केला. “आमच्याकडे नको,” एवढंच म्हणाले, कारण सांगितलं नाही. अण्णांनी विचारलंही नाही. वळण थोडं अलीकडून घेतलं, त्यामुळे शाळेची एक बाजू जरा कमी दिसली. मुख्याध्यापिकांनी चित्रण दोनदा पाहिलं आणि छान झालंय म्हणाल्या.

दुपारी घरी येऊन अण्णांनी हातपाय धुतले आणि पानावर बसले. “काम कसं झालं?” कौशल्यानं विचारलं.

“चलो झालं,” अण्णा म्हणाले, म्हणजे कानडीतल्या ‘चलो’सारखं, चांगलं. आणि त्यांनी भातावर स्वल्प आणखी सारू वाढायला सांगितलं.