एसीच्या बटणावरची टेप

काळ्या टेपचा वास आला की वडिलांच्या जुन्या गाडीतलं एसीचं बटण आठवतं. डॅशबोर्डची बाकी बटणं उजळायची, एसीचं तेवढं अंधारात. आई गेल्यावर वडिलांना न सांगता मी गाडी पाचोऱ्याच्या वायरिंगवाल्या चाचांकडे नेली. फ्यूज, वायरी बघून त्यांनी बटण उपसलं. "बल्ब चांगला शे भाऊ, कोणी तरी मुद्दाम टेप लावेल शे." मी ती काढायला लावली. घरी तो हिरवा उजेड पाहून वडिलांनी मला सांगितलं. केमोसाठी जळगावला पहाटे अंधारात निघताना तो आईच्या डोळ्यांना खुपायचा, म्हणून त्यांनीच झाकला होता. मी टेप शोधू लागलो, तर म्हणाले, "राहू दे. आता कोनाच्या डोयाले लागनार?" आता गाडी मी चालवतो, दिवे लावले की आधी त्या बटणावर बोट ठेवून उजेड झाकतो.