चार भोकं, चौदा तास

नाशिकला गंगापूर रोडच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर माझे शेजारी गेणूभाऊ राहतात. एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांनी एकतीस वर्षं मदतनीस म्हणून काढली. बाटलीवरचं लेबल वाचायचं आणि त्यावर लिहिलंय तेच, तेवढंच करायचं, ही तिथली सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. डाळीच्या पाकिटावर तीन शिट्ट्या लिहिल्या असतील तर चौथी व्हायच्या आत ते गॅस बंद करणार, मग डाळ कच्ची राहिली तरी चालेल. छापणारा काय येडा हाय का, असं बायकोला विचारतात. त्यावर लंकाबाई म्हणतात, मग त्यालाच बोलवा जेवायला.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात लंकाबाई न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण डॉक्टरांनी अट घातली. घरी कमोड हवा, आणि त्यावरून उठताना धरायला शेजारच्या भिंतीत पक्का दांडा हवा. त्यांचा मुलगा अमोल पुण्याहून आला, न्हाणीघरात कमोड बसवून घेतला, स्टीलचा दांडा आणून ठेवला आणि सांगून गेला, की शनिवारी दवाखान्यातून सोडतील, तोवर दांडा लागला तर ठीक, नाहीतर आईला मी पुण्याला नेतो. त्याचं काही चुकत नव्हतं. त्याच्याकडे लिफ्ट होती, सून निकिता मायेची होती. पण लंकाबाईंना पुणं नको होतं. मला दवाखान्यात हळूच म्हणाल्या, "तिथं समदे लय गोड बोलत्यात, वहिनी. दिसभर भांडायला कोणी नाय."

म्हणजे सगळं येऊन ठेपलं ते चार भोकांवर.

चार भोकांसाठी इलेक्ट्रिशियन येईना. सोमवारी तो उद्या म्हणाला, मंगळवारी संध्याकाळी म्हणाला, बुधवारी त्याने फोनच उचलला नाही. मग गेणूभाऊंनी ठरवलं, आपणच ड्रिल मशीन आणायचं, पण बिनवायरचं, बॅटरीवालं. न्हाणीघरात प्लग नाही, आणि ओल्या जागी वायर न्यायची नाही हा त्यांचा प्रयोगशाळेतला नियम. शिवाय लोडशेडिंग होतंच. कागदपत्रं इंग्रजीत असणार म्हणून मी सोबत हवी. मी बी.ए. आहे, पण अर्थशास्त्राची, हे सांगून काही उपयोग झाला नाही.

त्याच दुपारी बाजारात गेलो. रविवार कारंजा चौकातल्या पहिल्या दुकानदाराने विचारलं, बारा व्होल्ट, साडेचौदा की अठरा? गेणूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मी दुकानदाराकडे. किती लागतात, असं मी विचारलं तर तो म्हणाला, ते तुमच्या कामावर आहे. चार भोकं, असं आम्ही दोघांनी एकदमच सांगितलं. त्यावर त्याने भिंत कशाची ते विचारलं आणि ठोका मारणारं मशीन दाखवलं. ठोक्याशिवाय भिंतीत भोक पडतच नाही म्हणाला. किंमत ऐकून गेणूभाऊंनी चष्मा काढून पुसला. दुसरा दुकानदार म्हणाला, भिंतीच्या फरशीवर ठोका मारला की फरशी तडकलीच समजा. साधं बारा व्होल्टचं घ्या, टाइलचा बिट, म्हणजे भोक पाडायचं टोक, लावा, हळूहळू जा. तिसरा म्हणाला, बॅटरीचं घेऊच नका, ते खेळणं आहे. तिघंही अगदी खात्रीने बोलत होते. परत पहिल्याकडे गेलो तर त्याचं म्हणणं बदललं होतं. माझ्या डोक्यात नुसता भुगा झाला. शेवटी दुसऱ्याचं घेतलं. खिशाला झेपत होतं, आणि फरशीची काळजी त्या एकट्यानेच केली होती.

घरी आल्यावर मी पुस्तिका वाचली आणि तिथेच आम्ही फसलो. पहिल्या वापराआधी बॅटरी चौदा तास सलग चार्ज करावी, असं छापलेलं होतं. आमच्याकडे वीज सकाळी जायची आणि संध्याकाळी जायची. चौदा तास सलग आणायचे कुठून? सहा तासांनी वीज गेली की सलगपणा मोडला म्हणून गेणूभाऊ पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागायचे. आधीचे सहा धरा की, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "वहिनी, सलग म्हंजे सलग." मला वाटायचं मी बरोबर आहे, मग वाटायचं, असतीलही तेच बरोबर.

गुरुवारी दुपारी त्यांना सुचलं, की दवाखान्यात जनरेटर आहे. ते मशीन पिशवीत घालून, मला सोबत घेऊन निघाले. लंकाबाईंच्या खाटेशेजारी प्लग होता. नर्सने मशीनकडे पाहिलं, गेणूभाऊंकडे पाहिलं, हकीकत ऐकली आणि सलाइनचा स्टँड जरा बाजूला सरकवून दिला. रात्रभर लंकाबाईंच्या उशाशी ते लाल दिव्याचं मशीन चार्ज होत राहिलं.

त्याच संध्याकाळी उंचीचा प्रश्न निघाला. दांड्याबरोबरच्या कागदावर जमिनीपासून तेहतीस इंच छापलेलं. चारचौघांत नवराबायकोने थेट बोलायचं नाही, ही त्यांच्या वळणाची रीत, त्यामुळे निरोप्या मीच. दांडा किती वर हवा ते विचारा, असं ते मला म्हणाले. खाट दोन हातांवर होती, तरी मी विचारलं. लंकाबाई छताकडे बघत म्हणाल्या, "गव्हाणीच्या काठाएवढा. त्यांना ठावं हाय."

मला काही ठावं नव्हतं. चांदवडच्या मळ्यात धार काढून उठताना त्या गव्हाणीच्या काठावर हात टेकायच्या, हे गेणूभाऊंनी बाहेर आल्यावर सांगितलं. उंची त्यांनी स्वतःच्या मांडीवर तळहात ठेवून दाखवली. मी टेप धरली तर सत्तावीस इंच. कागदावर तेहतीस. परतीच्या रिक्षात ते तो कागद पुन्हा पुन्हा उलगडून वाचत होते. एकतीस वर्षांत छापलेलं मोडलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी दवाखान्यातून मशीन आणून ते न्हाणीघरात पेन्सिल घेऊन उभे होते. भिंतीच्या फरशीवर दोन खुणा केलेल्या, एक वर, एक खाली. कुठली, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, कागद डॉक्टर लोकांनी केला असेल. मग म्हटलं, पण उठायचं लंकाबाईंना आहे. माझं उत्तर ऐकून ते आणखीच गोंधळले. मग त्यांनी थुंकी लावून वरची खूण पुसली.

पहिल्या भोकाला बिट फरशीवरून सारखा घसरत होता. तिथे कागदी चिकटपट्टी लावली तेव्हा टोक रुतलं. तिसऱ्या भोकात मशीन दमलं. चौथं दिवसभरात थोडं थोडं करून झालं, वीज आली की स्वयंपाकाच्या ओट्यावर चार्ज, मग मिनिटभर भोक. चारही स्क्रू आवळून गेणूभाऊ दांड्यावर सगळा भार टाकून रेलले, पाय उचलून. मी डोळे मिटून घेतले.

शनिवारी अमोल गाडी घेऊन आला. पुण्याची तयारी म्हणून मागच्या सीटवर उशा रचलेल्या होत्या. दवाखान्यातून आईला आधी इकडे आणलं आणि त्याने न्हाणीघरात जाऊन टेप लावली. "बाबा, हा सहा इंच खाली लागलाय. कागदावर स्पष्ट लिहिलंय." गेणूभाऊ रुमालाने दांडा पुसायला लागले. मलाही वाटलं, झालं, गेल्या लंकाबाई पुण्याला.

लंकाबाई वॉकर सरकवत आत गेल्या. दांड्यावर हात टेकून बसल्या. उठल्या. चेहरा वेदनेने आवळलेला, पण उठल्या. पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. दांडा जागचा हलला नाही. अमोल टेप हातात धरून उभा होता.

बाहेर येऊन त्या वॉकरवर टेकल्या, दम खाल्ला आणि म्हणाल्या, "तू नीघ आता, अमोल. उजेड हाय तवर पुण्याच्या वाटंवरला चंदनापुरी घाट ओलांडून जा."