रामकली जिज्जींचा हुंकार

पंधरा ऑगस्टला आमच्या कॉलेजचे प्राचार्य दहा मिनिटं बोलणार होते. ते पाऊण तास बोलले. दोष त्यांचा नव्हता. मैदानाच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीच्या सावलीत रामकली जिज्जी उभ्या होत्या आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "हओ" म्हणत होत्या. बुंदेलीत हओ म्हणजे हो आणि जिज्जी म्हणजे थोरली बहीण. इतक्या मनापासून कोणी हओ म्हणत राहिलं की बोलणाऱ्याला थांबवत नाही. प्राचार्य रस्त्यातल्या खड्ड्यांपासून निघाले, चंद्रावर पोचले आणि परत आले. मग ते म्हणाले, "हमारी हर लैब में चौबीसों घंटे बिजली रहती है।" जिज्जी एकदम गप्प झाल्या. प्राचार्यांनी दोन क्षण वाट पाहिली आणि घाईघाईने 'जय हिंद' म्हणून टाकलं.

जिज्जी आमच्या कॉम्प्युटर लॅबच्या अटेंडंट होत्या. त्यांचे पती तिथेच शिपाई होते. ते गेल्यावर जिज्जींना त्यांच्या जागी घेतलं. कमरेला लॅबची किल्ली, दाराशी स्टूल, हातात सदैव अर्धवट विणलेला स्वेटर. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण लॅबमधल्या चाळीस कॉम्प्युटरांचे स्वभाव पाठ होते. "सत्रा नंबर पै ना बैठियो, ऊ रूठो है," असं त्या सांगत, आणि सतरा नंबर खरंच दिवसभर रुसलेला असे.

त्यांचं लहानपण झाशीजवळच्या मोठ गावापलीकडच्या एका खेड्यात गेलं. आजोबा कहाण्या सांगत. बुंदेलखंडात कहाणीला हुंकार लागतो. ऐकणाऱ्यांपैकी एकाने 'हओ, हओ' म्हणत राहायचं. हुंकार थांबला की सांगणाराही थांबतो. हे काम छोट्या रामकलीकडे होतं. "हम ऊँघ गए, तो राजकुमार उतईं जंगल में ठाँड़ो रै जात तो," त्या सांगत. आपल्याला डुलकी लागून राजकुमार तसाच जंगलात उभा राहू नये म्हणून लागलेली सवय पुढे सुटलीच नाही. फोनमधली रेकॉर्ड केलेली बाई 'कृपया प्रतीक्षा कीजिए' म्हणाली, तर तिलाही हओ मिळे.

लॅबमध्ये हे कधी सुरू झालं, कोणाला ठाऊक नाही. अडलेल्या प्रोग्रामसमोर कोणीतरी स्वतःशी पुटपुटत असेल आणि दारातून हओ आलं असेल. मी कॉलेजात आले तेव्हा रीतच पडली होती. प्रोग्राम चालेना झाला की वही घेऊन जिज्जींच्या स्टुलापाशी जमिनीवर बसायचं आणि पहिल्या ओळीपासून सांगायचं. इंग्रजीला हुंकार मिळत नसे. समजेल असं सांगावं लागे.

आमच्या वर्गातला अनुराग एकदा सांगत होता, "जिज्जी, एक गिनती है, एक से शुरू। जब तक दस न हो जाए, मेरा नाम छापना है।"

"हओ."

"नाम छापा।"

"हओ."

"फिर छापा।"

"हओ."

"फिर छापा।"

जिज्जींची सुई थांबली. "काए लल्ला, नाम तो छापत जा रए। गिनती खों आगें कौन बढ़ा रओ?"

अनुरागने वही पाहिली. कोणीच वाढवत नव्हतं. मोजणी एकवरच बसून होती आणि त्याचा कॉम्प्युटर सकाळपासून त्याचं नाव छापत होता.

आता माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. सीपरी बाजारात बाबांचं स्कूटरच्या सीटकव्हरचं दुकान आहे. आमचे पूर्वज फौजेबरोबर झाशीला आले, असं बाबा अभिमानाने सांगतात. त्यानंतर आमच्यातलं कोणी कुठे गेलेलं नाही. घरी मराठी, रस्त्यात हिंदी, कॉलेजात इंग्रजी. तिन्हींत मी अडखळते, म्हणून गप्प राहणं मला बरं वाटे. डेटा स्ट्रक्चरच्या प्रॅक्टिकलला बाहेरगावचे परीक्षक आले, "एक्सप्लेन" म्हणाले, आणि मी चार मिनिटं "येस सर, येस सर" करत उभी राहिले. नापास झाले.

बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मोठ गावी आत्याला फोन केला आणि तिच्या शिवणाच्या क्लासात जागा आहे का, एवढंच विचारलं. आईला म्हणाले, "विचारून ठेवलेलं बरं. पुन्हा विषय राहिला तर पोरीची वर्षं कशाला घालवायची? हिला कळतंय की नाही, हे आपल्याला तरी कुठे कळतंय?"

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन जिज्जींपाशी बसले.

लिंक्ड लिस्ट म्हणजे आकड्यांची एक ओळ. पण हे आकडे शेजारी राहत नाहीत. प्रत्येकाला फक्त आपल्या पुढच्याचा पत्ता माहीत असतो. हे जिज्जींना लगेच पटलं. "हमाए गाँव में सोई ऐसईं घर पूछो जात," त्या म्हणाल्या. त्यांच्या गावातही घर असंच विचारत जायचं. मला धीर आला. मधला एक आकडा काढून कसा टाकायचा, ते सांगू लागले.

"जिज्जी, बीच वाले को मिटा दिया।"

"हओ."

"फिर उससे आगे वाले का पता लिया।"

"काए?"

मी पुन्हा तेच सांगितलं. जिज्जींनी विणकाम मांडीवर ठेवलं. पोरींना त्या बिन्नू म्हणत. "बिन्नू, ऊखों तो मार दओ. अब पतो कौन बताहै? ऊको भूत?"

दोन आठवडे मी जो दोष पडद्यावर शोधत होते, तो हा होता. "पैलें पतो पूछ लो, फिर मारियो," असा सल्ला मिळाला आणि मी तो तसाच वहीत लिहून घेतला.

मग मी रोज जाऊ लागले. घाईने एखादी पायरी गाळली, की जिज्जी म्हणत, "बीच की बात काए खा गईं?" एकदा गोंधळून मी मराठीत घसरले, तरी हओ येतच राहिलं आणि बरोबर चुकीपाशी थांबलं. मी विचारलं, तुम्हाला मराठी कळते? "नईं. बोली कौनऊ होय, अटकबे की आवाज एकई होत." भाषा कुठलीही असो, अडखळण्याचा आवाज एकच.

फेरपरीक्षेला तेच परीक्षक आले. मला मिळालेला प्रश्न असा: लिंक्ड लिस्ट उलटी करा. मी लिहिलं, चालवलं. चार आकडे दिले होते, पडद्यावर एकच आला. तेवढ्यात परीक्षक खुर्ची ओढून शेजारी बसले. "एक्सप्लेन."

माझं इंग्रजी दोन शब्दांत संपलं. मग मी डोळे मिटले आणि हिंदीत म्हणाले, "सर, चार नंबर हैं। हर एक के पास अगले का पता है।"

"हओ," दारातून आलं.

परीक्षक गर्रकन वळले. "ये कौन हैं? इशारे कर रही हैं?"

"अटेंडंट हैं, सर," आमचे लॅबचे सर चाचरत म्हणाले. जिज्जी उभ्या राहिल्या. "हम का इसारे करहैं, साब? हम तो अँगूठा लगाउत. मोड़ी कै रई, सो हम सुन रए." पोरगी सांगतेय म्हणून ऐकतेय, एवढंच.

"बाहर जाइए!"

जिज्जी बाहेर गेल्या आणि दार बंद झालं. पण माझं सांगणं अर्धवट होतं, आणि अर्धवट सोडलं तर राजकुमार जंगलात, हे इतक्या दिवसांत अंगवळणी पडलं होतं. मी पुढे बोलले. "सर, सबको उल्टा मुँह करना है। पहले वाले से शुरू किया।"

"हं," परीक्षक म्हणाले. ते कागदावर चौकोन आणि बाण काढत होते.

"उसका आगे का पता मिटा दिया।"

"हं."

"फिर उससे अगले का पता लिया।"

काहीच आलं नाही. परीक्षकांचं पेन कागदावर थांबलं होतं. त्या शांततेत मला माझंच वाक्य ऐकू आलं. तीच चूक! मी पुन्हा पत्ता पुसून मग पत्ता विचारत होते.

"सर, एक मिनट," मी म्हणाले. पत्ता आधी एका बाजूला लिहून ठेवला, मग पुसला. पडद्यावर चारही आकडे उलटे आले.

परीक्षकांनी कागदाची घडी घातली. "पिछली बार क्यों नहीं बोलीं?"

"येस सर," मी म्हणाले.

बाहेर जिज्जी दाराला पाठ लावून बसल्या होत्या. पास की नापास, त्यांनी विचारलं नाही. "फिर बिना पूछें मिटा दओ तो, काए?" मी मान खाली घातली. मग त्या जरा जवळ सरकून म्हणाल्या, "साब हुँकारा तो अच्छो देत. बस, तनक नाक में सें देत."

मी पास झाले. बाबांना आनंद झाला, पण त्यांच्या चेहऱ्यावरची शंका गेली नाही. एक विषय निघाला; पुढे दोन वर्षं होती. त्याच महिन्यात जिज्जी निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी मी बाबांना आग्रहाने कॉलेजात नेलं. आतापर्यंत ते फाटकाच्या आत आले नव्हते. लॅबच्या दारात ते चोरट्यासारखे उभे राहिले. सरांना काही विचारायचं धाडस त्यांना झालं नाही. त्यांनी जिज्जींना विचारलं, "बाईजी, हमारी लड़की को कुछ आता भी है?"

जिज्जी किल्ली कमरेची सोडवत होत्या. हात थांबवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलतील.

"हमें का मालूम, भैया," त्या म्हणाल्या. "पढ़ाई की बात पढ़े-लिखे जानें. पै बीच की बात नईं खाउत."

बाबांनी मान हलवली. जिज्जींनी किल्ली सरांच्या टेबलावर ठेवली, स्वेटर पिशवीत घातला आणि लेकीकडे जायला त्या निघाल्या. लेकीचं गाव विचारायचं माझ्या लक्षातच आलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

घरी परतताना सदर बाजार आला. स्कूटर चालवता चालवता बाबा म्हणाले, "परीक्षेत ते उलटं करायचं काय होतं? मला सांग."

मी मागे बसून सांगू लागले. ऑटोंच्या गोंगाटात, त्यांच्या हेल्मेटच्या कानाशी. पत्ते सांगितले, बाण सांगितले, तोंडं फिरवली. पूर्ण सांगून झाल्यावर बाबांनी स्कूटर हळू केली.

"थांब. जो आधी पहिला होता, तो आता शेवटचा?"

"हो, बाबा."

"मग त्याच्याकडे जुना पत्ता असेलच ना? तो पुन्हा मागच्याकडे पाठवणार. फिरतच बसतील की सगळे."

माझ्या शिक्षणाबद्दल बाबांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. आणि तो बरोबर होता. त्याचा जुना पत्ता पुसून, पुढे कोणी नाही, असं लिहावं लागतं. मी तेवढंच सांगायचं विसरले होते.

"ते राहिलं, बाबा," मी म्हणाले.

"राहिलं कसं?" बाबांनी स्कूटर रस्त्याच्या कडेला घेतली, बंद केली, स्टँडवर लावली आणि हेल्मेट काढून आरशाला अडकवलं. "पहिल्यापासून सांग."